तयार उत्तरांचा रतीब

दुधाचा, वर्तमानपत्राचा रतीब लावावा, तसा आमच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे उत्तरांचाहि रतीब लागला आहे. मुलानें शाळेंतून प्रश्न आणावा आणि घरांतील वडीलधाऱ्यानें, शिकवणीच्या मास्तरांनीं, बाजारांतल्या गाइडनें किंवा हातांतल्या फोननें त्याचें उत्तर बिनबोभाट मापून घालावें, असा हा व्यवहार आहे. दूध पातळ आलें तर गृहिणी दुसऱ्या दिवशीं गवळ्यास जाब विचारते. उत्तर पातळ आलें तर मात्र कोणी कोणास विचारीत नाहीं. कारण तें पचवावयाचें नसतें, वहींत उतरवावयाचें असतें.

गणिताचें उसनें उत्तर मुलास फार काळ फसवूं शकत नाहीं. पुढच्या उदाहरणापाशीं गाडें अडतेंच. इतिहास आणि राज्यकारभार या विषयांत तशी अडचण येत नाहीं. तेथें उसनें उत्तर जन्मभर पुरतें, आणि म्हणूनच तें अधिक घातक ठरतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: या दोन विषयांतील प्रश्नाचें नुसतें उत्तर मुलाच्या हातीं ठेवणें आणि तें कशावरून, हें त्याला न सांगणें, ही मदत नव्हे. ती त्याला आज्ञाधारक प्रजा बनविण्याची तालीम होय.

हें बोलणें हवेंतलें वाटूं नये, म्हणून सातारा-सांगलीकडच्या मुलांच्या वह्यांत सहज आढळतील असे दोन-चार प्रश्नच घेऊं.

‘आपल्या जिल्ह्याची स्थापना केव्हां झाली?’ सांगलीच्या मुलास कोणी १९४९ सांगतो, कोणी १९६०. दोघेहि खरे. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या सांगली, मिरज, जत आदि संस्थानांचा मुलूख मिळून १ ऑगस्ट १९४९ रोजीं ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला; त्याला ‘सांगली’ हें नांव मिळालें तें २१ नोव्हेंबर १९६० रोजीं. तयार उत्तराच्या गिऱ्हाइकास यांतलें एकच साल हवें असतें. परंतु दोन सालें कां, असें विचारण्याची मुभा मुलाला मिळाली, तर मार्च १९४८ मध्यें दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, काल राजाची प्रजा असलेला मनुष्य उद्यांचा मतदार झाला, आणि त्याच्या गांवाचा नकाशा पुन्हां आखला गेला, हें सारें त्याच्या पदरांत पडतें. मग देवराष्ट्र्यास १९१३ सालीं जन्मलेले यशवंतराव चव्हाण साताऱ्याचे कीं सांगलीचे, यावरून दोन मुलांना भांडावें लागत नाहीं. चळवळीच्या काळांत सातारच्या प्रतिसरकारचें मोठें ठाणें असलेलें कुंडल त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत नव्हतेंच, औंध संस्थानांत होतें, हें कळल्यावर त्याचा गोंधळ उडत नाहीं. उलट पोलिसांना चुकविणाऱ्या माणसांना सरहद्दीचा उपयोग कसा होत असेल, हें त्याचें त्यालाच सुचूं लागतें. दोन सालांतून एवढें निघतें. एका सालांतून एक गुण निघतो.

दुसरा प्रश्न अधिक जुना. ‘सातारचें राज्य खालसा कां झालें?’ साचेबंद उत्तर एका ओळीचें आहे: ‘डलहौसीनें दत्तक वारस नामंजूर केल्यामुळें.’ पाऊस कां पडला, तर ढगांतून पाणी आल्यामुळें, अशांतलाच हा प्रकार. जें घडलें त्यालाच नांव देऊन तें घडण्याचें कारण म्हणून पुढें करावयाचें! वस्तुस्थिति काय होती? पेशवाई बुडविल्यावर इंग्रजांनीं १८१९ सालीं तह करून प्रतापसिंहांस सातारचें राज्य दिलें, आणि तें त्यांच्या वारसांकडे व उत्तराधिकाऱ्यांकडे चालावें असें त्या तहांत लिहिलें. १८३९ मध्यें त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडलें आणि त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविलें. एप्रिल १८४८ मध्यें आप्पासाहेब वारले. वारण्यापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. आतां तहांतील ‘वारस’ या शब्दांत दत्तक पुत्र येतो कीं नाहीं? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचें मत राज्य चालूं द्यावें असें पडलें. त्यांच्या जागीं आलेल्या लॉर्ड फॉकलंडचें मत खालसा करावें असें पडलें. डलहौसीनें दुसरें मत उचललें आणि लंडनच्या डायरेक्टरांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें. इकडे रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंहांची बाजू मांडण्याकरितां वर्षानुवर्षें लंडनांत उंबरठे झिजवीत होते.

एवढें समोर ठेवल्यावर कोणता चौकस मुलगा गप्प बसेल? तो विचारतो, ‘खुद्द गव्हर्नरच विरुद्ध होता, तर तसें झालें कसें?’ आणि तेथेंच इतिहासाची व राज्यशास्त्राची गांठ पडते. करार दोघांनीं करावा आणि त्याचा अर्थ मात्र त्यांतल्या बलवान पक्षानें एकट्यानें लावावा, हें न्यायाचें आहे काय? कायद्याचा अर्थ लावणारी न्यायसंस्था राज्यकर्त्यांपासून निराळी कां हवी, हें सांगण्यास सातारच्या मुलांना याहून चांगला धडा कोठें मिळणार? पण आम्ही काय करतों? खालशाची ओळ इतिहासाच्या वहींत लिहून देतों, न्यायसंस्थेची ओळ राज्यशास्त्राच्या वहींत लिहून देतों, आणि दोन्ही वह्या दप्तरांत एकमेकींना पाठ लावून बसतात.

तिसरा प्रश्न ‘पत्री सरकार’ या नांवाचा. लोकांत एक उत्तर असें आहे, कीं गुन्हेगाराच्या तळपायांना पत्री ठोकीत, म्हणून तें नांव पडलें. दुसरें असें, कीं ‘प्रतिसरकार’ या शब्दाचा लोकांच्या तोंडीं झालेला तो अपभ्रंश आहे. पहिलें उत्तर अंगावर कांटा आणतें, म्हणून तें सांगणारे पुष्कळ. आमचा आग्रह अमुकच उत्तर द्या असा नाहीं. मुलास एवढेंच विचारूं द्या: हा शब्द चळवळींतले लोक वापरीत कीं बाहेरचे? कागदोपत्रीं कोणता शब्द येतो आणि बोलण्यांत कोणता? दोन्ही कारणें एकमेकांत मिसळलीं असण्याचा संभव आहे कीं नाहीं? हे प्रश्न विचारणाऱ्या मुलानें वहींत कांहींहि लिहिलें, तरी इतिहास म्हणजे काय, तें त्यास कळलें.

आणि या प्रश्नापाशींच आमच्या सुशिक्षितपणाचा एक मोठा भ्रम उघडा पडतो. असें म्हणतात, कीं गाइड नसेल तर ज्याचे आईबाप शिकलेले नाहींत त्या मुलानें काय करावें? आक्षेप वजनदार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढें साताऱ्यास वसतिगृह चालविलें, तें अशाच मुलांसाठीं. पण जरा विचार करा. ३ सप्टेंबर १९४२ रोजीं तासगांवच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसें पडलीं. पुढें १९४६ पर्यंत नाना पाटील आणि त्यांचे सहकारी भूमिगत राहून गांवोगांवीं कारभार चालवीत होते, तंटे तोडीत होते. हे सारें करणारीं, पाहणारीं, भोगणारीं माणसें कोण होतीं? बहुतेक शेतकऱ्यांचीं घरें. तें डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं असतील. पण त्यांच्या तोंडून ऐकलेलीं आजहि वाड्यावस्त्यांत आहेत. ज्या आजीला सही करतां येत नाहीं, तिच्या घरीं भाकरी खाऊन रात्रींत पुढें गेलेल्या माणसांची हकिकत तिच्यापाशीं आहे. उत्तर तयार हवें असेल, तर हें घर दरिद्री ठरतें आणि मुलगा गाइडकडे वळतो. उत्तरास पुरावा हवा असेल, तर तेंच घर श्रीमंत ठरतें आणि गाइडवाल्यालाच त्या आजीपाशीं येऊन बसावें लागतें. गरिबाच्या मुलाची कणव येऊन गाइडचें समर्थन करणाऱ्यांनीं त्या मुलाच्या घरांतली ही ठेव आपण बिनमोल ठरवीत आहों, हें लक्षांत घ्यावें.

येथें पुष्कळ सभ्य गृहस्थ दचकतील. घरोघरच्या आठवणी काढूं लागलों, तर भांडणें निघतील, त्यापेक्षां एक ठरीव उत्तर बरें, असें त्यांना वाटतें. त्यांची भीति खोटी नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूंत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. ही गोष्ट आमच्या कित्येक घरांत कुजबुजीनें सांगितली जाते आणि कित्येक घरांत सांगितलीच जात नाहीं. ज्या घराचें जळलें तेथील मुलास एक कहाणी मिळते. ज्या आळींतून जमाव निघाला तेथील मुलास दुसरी कहाणी किंवा नुसतें मौन मिळतें. प्रतिसरकारच्या शिक्षांचेंहि तसेंच: कोणाच्या आज्यास न्याय मिळाला, कोणाच्या आज्यास मार. आणि हीं सारीं मुलें एकाच वर्गांत, एकाच बाकावर बसतात.

ठरीव उत्तर त्यांच्यांत सलोखा करील काय? तें फक्त वहीपुरतें सलोखा करतें. वही मिटली, कीं घरची कहाणी पुन्हां वर येते. तिला आतां फोनवर फिरणाऱ्या, लेखकाचें नांव नसलेल्या मजकुराचें खतपाणी मिळतें. लहान प्रश्नावर ‘कशावरून?’ म्हणण्याची संवय ज्या मुलाला कोणीं लावली नाहीं, तो रक्त तापविणाऱ्या प्रश्नावर एकाएकीं तसें म्हणेल, ही आशा व्यर्थ आहे. जिल्ह्याच्या दोन सालांवर जो शांतपणें पुरावा मागतो, तोच उद्यां जातीच्या नांवानें आलेल्या आरोळीलाहि पुरावा मागेल. भांडणाची भीति वाटणाऱ्यांनीं तर हें शिक्षण सर्वांत आधीं सुरू करावें.

आतां राज्यकारभाराकडे वळूं. ‘ग्रामसभेचीं कार्यें लिहा.’ वडील पांच मुद्दे सांगतात, मुलगा उतरवून घेतो. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी अशा दिवशीं गांवोगांवीं ग्रामसभा भरते. तेथें पाऊल न टाकलेला बाप तिचीं कार्यें सांगतो आणि तेथें कधींहि न जाणारा मुलगा तीं पाठ करतो! शहरांत राहणाऱ्यांनीं हंसूं नये. सांगली-मिरज-कुपवाडची महानगरपालिका १९९८ सालीं झाली, एवढें आपल्या मुलास ठाऊक असतें. आपल्या वॉर्डांतील गटारासाठीं किती पैसा मंजूर झाला, हें कोठें पाहावयाचें, तें त्याच्या बापासहि ठाऊक नसतें. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाला. त्या कायद्याची व्याख्या मुलगा बिनचूक लिहितो. परंतु त्या कायद्याचा जीव ‘विचारणें’ यांत आहे, आणि विचारण्याचीच खोड आपण त्याला घरीं लागूं देत नाहीं. ‘उत्तर लिही आणि झोप’ ही आपली राज्यघटना.

याच प्रदेशानें एकदां याच्या अगदीं उलट धडा घालून दिला होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गांधीजींचा सल्ला घेऊन १९३९ सालीं आपल्या लहानशा संस्थानास राज्यघटना दिली आणि कारभाराचा पाया गांवच्या पंचायतींवर ठेवला. त्यानंतर तीन-चार वर्षांतच शेजारच्या ब्रिटिश मुलखांतल्या खेड्यांनीं प्रतिसरकार उभें करून कारभार स्वतःच हातीं घेतला. एकीकडे राजानें दिलेली सत्ता, दुसरीकडे लोकांनीं घेतलेली सत्ता. कोणती अधिक टिकाऊ? दिलेली सत्ता परत घेतां येते काय? घेतलेल्या सत्तेवर अंकुश कोणाचा? राज्यशास्त्राच्या वर्गांत याहून जिवंत प्रश्न विचारतां येणार नाहीं, आणि त्याचें उत्तर कोणत्याहि गाइडमध्यें मापून मिळणार नाहीं.

हें सारें प्रौढांचें काम, मुलांस झेपणार नाहीं, असें म्हणणाऱ्यांना आमच्याच भागांतला शिक्षकाचा दाखला देतों. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत. शाळेचें काम सांभाळून त्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद वाचले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड छापले. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, त्याची पाळेंमुळें वाईस सांपडलेल्या कागदांत होतीं. त्याच वाईस लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखालीं मराठी विश्वकोश घडला आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्या विश्वकोशांतली एखादी नोंद मुलाला दाखवा: तिच्याखालीं लिहिणाराचें नांव असतें आणि आधारग्रंथ दिलेले असतात. म्हणजे उत्तर देणारा उत्तराखालीं सही करतो. गाइडमधल्या उत्तराखालीं कोणाची सही असते? फोनमधल्या उत्तराखालीं कोणाची?

पुराव्याची किंमत मुलाला पटवून द्यावयाची, तर साताऱ्यांतलें आणखी एक उदाहरण पुरेसें आहे. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतें. कां? तर १९०० सालीं त्या दिवशीं साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेंत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नांवानें एका विद्यार्थ्याची नोंद झाली. एका शाळेच्या दाखल्याच्या वहींतील एक ओळ! तिच्यावर हा सबंध दिवस उभा आहे. आणि त्या दिवशीं आमचीं मुलें काय करतात? फोनमधून भाषण उतरवून घेतात.

फोनवर आमचा रोष आहे, असें मात्र कोणी समजूं नये. विचारल्याबरोबर वाक्यें जुळवून देणारीं यंत्रें आतां घरोघर आलीं आहेत आणि तीं परत जाणार नाहींत. त्यांचा दोष एवढाच, कीं खरें व चुकीचें दोन्ही तीं एकाच ठाम सुरांत सांगूं शकतात. परंतु हा दोष यंत्राच्या आधीं आमच्यांत होता. ‘मी सांगतों ना, लिही’ असें म्हणणारा बाप हें या यंत्राचें पहिलें रूप होय.

राहिला गुणांचा आक्षेप. दहावीस इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर असतो. तेथें एवढा व्याप कशाला, असें व्यवहारी लोक विचारतील. उत्तर सोपें आहे. ज्यानें कारण समजून घेतलें त्याला तें आठवावें लागत नाहीं, आणि ज्यानें पाठ केलें त्याला प्रश्नाचा एक शब्द बदलला तरी घाम फुटतो. शिवाय आम्ही रोज प्रत्येक प्रश्नावर संशोधन करा असें म्हणत नाहीं. नोकरीवरून दमून आलेल्या आईवर तो भार टाकणें निर्दयपणाचें होईल. तिनें राजाचें नांव, तहाचें साल, कलमाचा आंकडा खुशाल सांगावा. तें सांगण्यांत पाप नाहीं. आठवड्यांतून एक प्रश्न मात्र असा निवडावा, ज्याचें उत्तर घरांत कोणीहि तयार देणार नाहीं. त्याच्या उत्तराखालीं मुलानें एक ओळ लिहावी: हें मला कोणाकडून, कोठून कळलें. दुसरी ओळ: याच्या उलट कोण म्हणतो. आणि जेथें शक्य असेल तेथें जाऊन पाहावें. वडूजचें हुतात्म्यांचें स्मारक, साताऱ्याचें संग्रहालय, गांवची ग्रामसभा, यांस कोणाचेंहि गाइड लागत नाहीं. शिक्षकांनीं त्या दोन ओळींकरितां एक गुण राखून ठेवावा. एवढ्यानेंहि पुष्कळ होईल.

सातारचा तह ज्यांनीं लिहिला, त्यांनींच १८४८ मध्यें त्याचा अर्थ लावला, आणि ज्यांचें राज्य होतें त्यांना तो मुकाट्यानें ऐकावा लागला. आज आपल्या राज्याचा दस्तऐवज आपलाच आहे. १९५० पासून त्याच्या पहिल्याच ओळींत ‘आम्ही’ म्हणजे भारताचे लोक आहोंत. पण त्या ‘आम्ही’चा अर्थ कोणीं लावावयाचा, हें दर पिढीला नव्यानें ठरवावें लागतें. तो लावण्याचा अधिकार आपल्या मुलांचा आहे. संध्याकाळचा गृहपाठ लवकर उरकावा म्हणून तो गाइडच्या किमतींत विकूं नका.